तिसरा मजला, पाचवा मजला

पास एकच मिळतो, फिक्कट गुलाबी.
सोनकांबळे वॉचमन विचारतो, कुणाला भेटायचंय? एकच नाव सांगा.
हसुराम भोईर, मी सांगतो. अस्थिरोग पुरुष, तिसरा मजला.
पाचव्यावर त्यांची बायको आहे, स्त्री मेडिसिन,
हे सांगत नाही.
एकदा आत गेलं की जिन्यात कोणी पास बघत नाही.

मी नातेवाईक नाही. भाडेकरू.
घणसोली गावात, तळ्यामागे, त्यांच्या माडीवरची खोली,
दोन महिन्यांचं भाडं थकलेलं.
रात्री महाप्यात पाळी, म्हणून दुपार मोकळी.
लेक उरणहून येते ती अंधार पडल्यावर.
चार ते सहा माझ्याकडे.

मंगळवारी ऐरोलीहून येताना स्कूटर घसरली.
काकांचा खुबा मोडला.
काकींना खरचटलंसुद्धा नाही, सहज म्हणून साखर तपासली
तर यंत्रावर आकडाच नाही, नुसतं ‘हाय’.
नर्सने मोठ्याने वाचलं,
काकी म्हणाल्या, मंग? हाय ना मी.

काकांचा पाय वर टांगलेला, खाली वाळूची पिशवी.
शेजारच्या खाटेवरचा पोरगा मांडीत सळई घेऊन
मोबाइलवर क्रिकेट बघतो, आवाज मोठा.
“जेवली का ती?”
जेवल्या.
“शिव्या देत असंल मना.”
नाही हो काका.
ते छताकडे बघत राहिले.
“मंग बरी नाय ती.”

लिफ्ट स्ट्रेचरसाठी राखीव.
चौथ्या मजल्यावर दम लागतो, तिथे प्रसूती विभाग,
बाकावर पाच-सहा बाप्ये, कोणी कोणाशी बोलत नाही,
आतून एक आवाज येतो आणि सगळे एकदम उभे राहतात.

काकी खाटेवर मांडी घालून बसलेल्या,
हाताला सलाईन, डोळे दाराकडे.
“त्याला हांग, मी लय रागावलंय.
स्कूटर काढू नको बोललेलं.”
मग आवाज उतरवून, “पाय दुखतंय का त्याचा?”
मग एकदम, “गच्चीवरचं बोंबील उचललंस ना?”
सगळे उचलले, मी म्हणालो.
निम्मे मांजरीने नेले होते.

खाली येऊन काकांना सांगितलं,
दोन शिव्या दिल्या.
“कनच्या?”
एक मी ऐकलेली सांगितली, एक माझ्या औंढ्याकडची.
दुसरी ऐकून म्हणाले, ही तिची नाय.
पण हसले. पिशवी हलली, पोरग्याने मोबाइलवरून मान वर केली.

शुक्रवारी चौथ्या मजल्यावरच्या एकाने हातात पेढा ठेवला.
मुलगी झाली, घ्या.
मी त्याला ओळखत नव्हतो, तोही मला.
पेढा काकांना दिला. त्यांनी अंगठ्याने मधोमध मोडला,
“हा तिला.”
काका, साखर.
“येवराशाने काय होतंय. दे तिला.”

चौथा मजला चढताना तो अर्धा पेढा मीच खाल्ला.
त्याच बाकाजवळ उभा राहून, पटकन,
चोरून खातात तसा.

काकींनी माझ्याकडे पाहिलं,
पदराचं टोक पुढे करून म्हणाल्या, व्हट पूस.
मी पुसले.
त्यांनी काही विचारलं नाही, फक्त
“त्याला हांग, ग्वाड व्हता.”

भाड्याचं मीच काढलं, दहा तारखेपर्यंत देतो.
त्यांनी सलाईनच्या हाताने माशी हाकलावी तसं केलं.

सहाला घंटा. मावशी फरशी पुसत पुसत
आम्हा सगळ्यांना जिन्याकडे ढकलते.
पास परत केला.
सोनकांबळे आज बोलायच्या लहरीत होता,
कसे आहेत तुमचे पेशंट?

जेवले, म्हणालो.
एक की दोघं,
ते त्या शब्दातून त्याला कळणार नव्हतं.